हीट पंपाचं घोडं नेमकं कुठे अडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही हीट पंपांसाठी, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने आत आणून घर गरम करणाऱ्या यंत्रांसाठी, घरांचे सर्व्हे करून कोटेशन देता. सोबत गॅस बॉयलरच्या तुलनेत वर्षाला किती वाचेल आणि किती वर्षांत पैसे वसूल होतील याचा तक्ता जोडता. घर योग्य असतं, अनुदानही मिळणार असतं, तरी बरेचसे घरमालक ‘विचार करून सांगतो’ म्हणतात आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याच घरात नवाकोरा गॅस बॉयलर बसलेला दिसतो. मग निर्णय ठरतो कशावर, आणि तक्ता आणखी पटण्यासारखा कसा करावा?

तक्त्याकडे शेवटी येतो, कारण पाणी दुसरीकडेच मुरतंय असं मला वाटतं. घरमालकापुढे दोन यंत्रं आहेत आणि तो त्यांची तुलना करतोय, असं तुम्ही धरून चालला आहात. बहुतेक घरांत अशी तुलना कधी होतच नाही. बॉयलर चालू असतो तोवर प्रश्न एवढाच असतो की आत्ता या भानगडीत पडायचं का, आणि त्याचं उत्तर जवळपास नेहमीच ‘नको’. बॉयलर बंद पडला की निवड करायची असते ती उद्या येणाऱ्या माणसात आणि दीड महिन्याने येणाऱ्या माणसात. या दोन्ही वेळी तुमच्या तक्त्याला बोलायला जागाच मिळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझं काम पाण्यावर चालणाऱ्या हीटिंगचं: पाणी तापवणारा बॉयलर, पाइप, ते पाणी आत फिरून खोली गरम करणारे रेडिएटर, गरम पाण्याची टाकी. घराची उष्णताहानी, म्हणजे थंडीत घरातून किती उष्णता बाहेर निसटते ते मोजायचं, त्यावरून यंत्र आणि रेडिएटर ठरवायचे, काम करून घ्यायचं आणि पहिल्या हिवाळ्यात मागे लागून सेटिंग नीट लावायचं. त्यामुळे मी म्हणतोय ते लांब हिवाळ्याच्या प्रदेशातल्या, मालकीच्या, बहुधा स्वतंत्र घरांना लागू पडेल. जिथे उन्हाळ्यासाठी एसी लागतोच, तिथे तोच एसी उलटा चालून हिवाळ्यात घर गरम करतो आणि लोक फारसा विचार न करता तो घेऊन मोकळे होतात. भाड्याच्या घरात यंत्राचा खर्च मालकाचा आणि बिल भाडेकरूचं, तिथला तिढा निराळा. बहुमजली इमारतीत बाहेरचं युनिट कुठे ठेवायचं हेच सगळ्या सभासदांच्या बैठकीत अडकून पडतं. आणि विजेचा दर तर देशोदेशी इतका वेगळा की एकीकडचा सल्ला दुसरीकडे चालत नाही.

बॉयलर बंद पडतो तो बहुधा ऐन थंडीत. यात दैवाचा काही भाग नाही. त्याच आठवड्यांत तो सर्वांत जास्त तास चालतो, आणि पंखा, पंप, हीट एक्स्चेंजर यांपैकी जे कमकुवत झालेलं असेल ते तेव्हाच जातं. घरात लहान मूल असतं किंवा म्हातारं माणूस, अंघोळीला गरम पाणी नसतं. मालक ओळखीच्या फिटरला फोन लावतो. फिटर म्हणतो, “याचा पार्ट आता मिळत नाही, बदलावाच लागेल. उद्या दुपारपर्यंत नवा बसवून देतो.” संपला विषय. तुमच्याकडे फोन आला असता तरी तुम्ही काय सांगितलं असतं? सर्व्हे, प्रत्येक खोलीची उष्णताहानी, वीज कंपनीला कळवणं, अनुदानाचा अर्ज, दोन-चार रेडिएटर बदलणं, टाकी. सगळं सुरळीत पार पडलं तरी काही आठवडे जातात. कुडकुडणारा माणूस पंधरा वर्षांची बचत बघत बसत नाही, आणि त्याने का बघावी?

नवा बॉयलर एकदा बसला की ते घर पुढची 12 ते 15 वर्षं तुमच्या हातून गेलं. म्हणून सर्व्हेच्या फॉर्मवर माझ्या लेखी सर्वांत मोलाची नोंद म्हणजे सध्याच्या बॉयलरचं वय. ते बॉयलरच्या पाटीवरच्या सीरियल नंबरवरून बहुतेक वेळा कळतं. चार वर्षांचा धडधाकट बॉयलर असलेल्या माणसाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्याला आत्ता बदलायला सांगणं म्हणजे त्याचेच पैसे वाया घालवणं. दहाच्या पुढे गेलेला, वर्षातून एकदा-दोनदा फिटरला बोलवायला लावणारा बॉयलर ज्याच्याकडे आहे, त्याच्याशी निवांतपणे बोलता येतं. ‘बंद पडल्यावर बघू’ असं तो म्हणाला तर मी विचारतो, बंद पडल्यावर तुमच्याकडे किती दिवस असतील? मग माणूस थोडा थांबतो. तात्पुरती सोय आपल्याकडे असली तर आणखी फरक पडतो: काम पूर्ण होईपर्यंत दोन-तीन सुटे इलेक्ट्रिक हीटर देऊन ठेवणं, टाकी आधी बसवून तिच्यातल्या विजेच्या कॉइलवर निदान अंघोळीचं पाणी सुरू करून देणं. खर्च फार नसतो, पण ‘उद्या’ म्हणणाऱ्या फिटरशी झुंजायला तुमच्याकडे तेवढंच हत्यार असतं.

आता पैसा. तो महत्त्वाचा नाही असं मी मुळीच म्हणत नाही. पण पैशाच्या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात: सुरुवातीचा खर्च, दरमहाचं बिल आणि बिलाबद्दलची धास्ती. तक्ता पहिल्या दोन्हींबद्दल बोलतो, निर्णय पुष्कळदा तिसरीवर होतो.

बिलाचं गणित सोपं आहे आणि ते घरमालकासमोर कागदावर मांडावं. गॅस बॉयलर 90 टक्के कार्यक्षम धरला तर एक युनिट उष्णतेसाठी साधारण 1.11 युनिट गॅस जळतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून आत आणतो, त्यामुळे वर्षभराचा सरासरी गुणक (एका युनिट विजेमागे किती युनिट उष्णता मिळते तो आकडा) 3 असेल तर तेवढ्याच उष्णतेला एक तृतीयांश युनिट वीज पुरते. याचा अर्थ वीज गॅसच्या 3.3 पटींपर्यंत महाग असली तरी बिल बरोबरीत सुटतं. गुणक 3.6 मिळाला तर चौपट महाग वीजही चालते, 2.5वर घसरला तर मर्यादा 2.8 पटींपाशी येते. ब्रिटनमध्ये गेल्या काही वर्षांत घरगुती वीज गॅसच्या चौपटीच्या आसपास राहिली आहे, म्हणून तिथे काम चोख झालं तर जेमतेम बरोबरी आणि ढिसाळ झालं तर थेट तोटा. स्वीडन, नॉर्वेत बहुतेक घरांपर्यंत गॅसची लाइनच नाही. तिथे हीट पंपाची स्पर्धा तेलाच्या भट्टीशी किंवा साध्या इलेक्ट्रिक हीटरशी होती, आणि इलेक्ट्रिक हीटरसमोर तो कुठल्याही दराला जिंकतो. म्हणून तुमच्या ग्राहकांतही आधी हे बघा की आज तो काय जाळतोय. तेल, सिलिंडरचा गॅस किंवा थेट विजेवर घर गरम करणाऱ्यांना समजवायला फार बोलावं लागत नाही. पाइपच्या गॅसवाल्यापाशी गाडं अडतं.

गॅसवाल्याचा आणखी एक बारकावा. स्वयंपाकाची शेगडी गॅसवरच राहणार असेल तर गॅस मीटरचा स्थिर आकार चालूच राहतो आणि हिशेबातली थोडी बचत तिथे गळते. शेगडी बदलायची तयारी आहे का हे आधीच विचारा. त्या प्रश्नावर घरात जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते.

आता ती धास्ती. गॅसचं बिल लोकांना नको असतं, पण ओळखीचं असतं. कितीही वाढलं तरी जानेवारीत साधारण काय येईल याचा अंदाज असतो. हीट पंपाचं बिल म्हणजे अनोळखी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणं. दूरच्या बचतीला लोक मनातल्या मनात मोठी कात्री लावतात हे अर्थशास्त्रात जुनं आहे. जेरी हाउसमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1979 मध्ये खोलीच्या एसींच्या खरेदीचा अभ्यास केला, तेव्हा ग्राहक भावी बचतीवर वर्षाला सुमारे 20 टक्के सूट धरत असल्यासारखे वागतात असं दिसलं. त्या हिशेबाने दहा वर्षांनंतरचा एक रुपया आज 16 पैशांच्या आसपास येतो. लोक अडाणी आहेत असा याचा अर्थ मी लावत नाही. घर विकावं लागेल का, दर बदलतील का, यंत्र मध्येच बिघडेल का, कंपनी तेव्हा असेल का, या सगळ्या शंकांची किंमत ते त्या टक्केवारीत धरतात. बारा वर्षांच्या परतफेडीच्या तक्त्याकडे माणूस थंडपणे बघतो तो यामुळे.

अनुदानाचंही तसंच. रक्कम किती यापेक्षा ती कशी मिळते याला वजन आहे. ठेकेदाराने बिलातूनच वजा केलेलं अनुदान लोकांना खरं वाटतं. आधी सगळे पैसे भरा, मग अर्ज करा, मग परतावा येईल, अशी योजना कागदावर तितकीच उदार असली तरी अर्धे लोक तिथेच गळतात. धोरणाची धरसोड तर सगळ्यात वाईट. जर्मनीत 2023 मध्ये नव्या गॅस-तेलाच्या बॉयलरांवर बंधनं घालणाऱ्या हीटिंग कायद्यावरून रण पेटलं. त्या वर्षी तिथे सुमारे 3,56,000 हीट पंप विकले गेले, तोवरचा उच्चांक. पण गॅस बॉयलरही भरमसाट खपले, कारण ‘बंदी यायच्या आत बसवून घ्या’ अशी लाट आली होती. पुढच्या वर्षी हीट पंपांची विक्री 1,93,000च्या आसपास उतरली. तंत्र तेच, घरं तीच, फक्त उद्या नियम काय असेल याचा भरवसा उडाला. तुमच्या भागात अनुदान बदलणार अशी कुजबुज असेल तर ‘विचार करून सांगतो’मधला मोठा वाटा तिचाच असणार.

या सगळ्यापेक्षा जास्त निर्णय मी जिथे अडलेले पाहिले ती जागा म्हणजे कपाट. थट्टा नाही. बऱ्याच घरांतला बॉयलर मागणीप्रमाणे पाणी तापवून देणारा असतो, त्याला टाकी लागत नाही. तो बसवला तेव्हा जुन्या टाकीची जागा रिकामी झाली आणि तिथे चादरी, सुटकेसा, इस्त्रीचा बोर्ड आला. हीट पंपाला ती टाकी परत हवी असते, घराप्रमाणे 150 ते 300 लिटरची. सर्व्हेला गेल्यावर मी टेप त्या कपाटात लावतो तेव्हा आतापर्यंत गप्प असलेली व्यक्ती बोलायला लागते: “मग हे सामान जाणार कुठे?” तोपर्यंत गुणक आणि अनुदान यांवर माझ्याशी तावातावाने बोलणारा माणूस बाजूला होतो. निर्णय या दुसऱ्या व्यक्तीचा आहे हे मला तिथे कळतं. तुम्ही कोटेशन ज्या मेलवर पाठवता तो बहुधा पहिल्याचा असतो. सर्व्हे दोघंही घरात असताना करा.

कपाटामागून बाकीची उस्तवार येते. रेडिएटरचं बघा. जुने रेडिएटर साधारण 75 अंशांच्या पाण्यावर मोजून बसवलेले असतात. पाणी 45 अंशांचं झालं की तोच रेडिएटर जुन्या क्षमतेच्या जेमतेम एक तृतीयांश उष्णता देतो. 55 अंशांवर निम्म्याच्या थोडा वर. आता उलट बाजू: पाण्याचं तापमान एक अंशाने उतरवलं की हीट पंपाची कार्यक्षमता दोन-अडीच टक्क्यांनी सुधारते. म्हणजे मोठे रेडिएटर बसवा आणि बिल कमी करा, किंवा आहेत तेच ठेवा आणि बिल सोसा. प्रत्यक्षात बऱ्याच घरांचे रेडिएटर मुळातच गरजेपेक्षा मोठे असतात, किंवा मागाहून खिडक्या आणि छताचं इन्सुलेशन सुधारलेलं असतं, त्यामुळे सगळे बदलावे लागत नाहीत. पण हे खोलीगणिक मोजल्याशिवाय सांगता येत नाही. न मोजता ‘सगळे बदलू’ म्हणणारा घरमालकाला पळवून लावतो, आणि न मोजता ‘काही बदलायची गरज नाही’ म्हणणारा पुढच्या हिवाळ्यात शिव्या खातो. पाइपचाही प्रश्न असतो. बॉयलरच्या पाण्यात जाताना-येताना 20 अंशांचा फरक ठेवता येतो, हीट पंपात साधारण पाचच. तेवढीच उष्णता न्यायला चौपट पाणी फिरवावं लागतं. 8-10 मिलिमीटरचे बारीक पाइप जमिनीखाली गाडलेले असतील तर तिथे काम अडतं, आणि फरशी उखडायची हे ऐकलं की घरमालकाचा चेहरा बघावा.

म्हणूनच घर आधीच उघडलेलं असताना हा निर्णय सोपा जातो. नवं घर घेऊन राहायला जाण्याआधीची दुरुस्ती, वाढीव खोली बांधणं, फरशी बदलणं. धूळ होणारच आहे, सामान हललेलंच आहे. माझ्याकडच्या कामांत ‘हो’ चटकन येतं ते अशा घरांतून. तुम्हाला ग्राहक शोधायचे असतील तर बांधकामवाले आणि आर्किटेक्ट यांच्याशी ओळख वाढवा; जाहिरातीपेक्षा ते कामाला येतील.

मग विश्वास. घरमालक हीट पंपाबद्दल सर्वांत जास्त ऐकतो कोणाचं? वर्षानुवर्षं बॉयलरची सर्व्हिसिंग करणाऱ्या फिटरचं. तो जाताजाता एक वाक्य टाकतो, ‘जुन्या घरात हे चालत नाही हो’, आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला बॉयलर येतो, हीट पंप येत नाही, आणि न येणाऱ्या कामाची शिफारस कोण करेल? झुरिचच्या सतराव्या शतकातल्या नगरभवनात 1938 मध्येच नदीच्या पाण्यावर चालणारा हीट पंप बसवला होता, हे मी अशा वेळी सांगतो. लोकांना ऐकायला मजा वाटते, पण मत बदलत नाही.

नॉर्वे-फिनलंडचा दाखलाही तसाच फुकट जातो. युरोपात घरटी सर्वांत जास्त हीट पंप या थंडगार देशांत आहेत हे खरं. पण ‘त्यांची घरं वेगळी’ असं घरमालक म्हणतो आणि त्यात तथ्य आहे: तिथलं इन्सुलेशन चांगलं, आणि नॉर्वेतले बरेच पंप हवेतून हवेत उष्णता देणारे, साध्या इलेक्ट्रिक हीटरांच्या जोडीला बसवलेले. थंडीत यंत्र चालतं एवढं त्यातून सिद्ध होतं, तुमच्या ग्राहकाच्या घरात किती बिल येईल हे नाही. त्या देशांकडून शिकण्यासारखं दुसरंच काही आहे. 1970च्या दशकातल्या तेलाच्या संकटांनंतर घाईघाईत बसवलेल्या यंत्रांनी युरोपात हीट पंपाचं नाव खराब केलं होतं. ते सावरलं स्वतंत्र चाचण्या, दर्जाचे ठप्पे आणि बसवणाऱ्यांचं प्रशिक्षण यांनी. स्वीडन आणि स्वित्झर्लंड दोघांनी तो मार्ग धरला.

मत बदलतं ते शेजारच्या घरामुळे. सौर पॅनेलबाबत कॅलिफोर्नियात अभ्यास झाला आहे, एका वस्तीत पॅनेल वाढले की आजूबाजूची घरंही बसवू लागतात. हीट पंपाची अडचण अशी की पॅनेल रस्त्यावरून दिसतात, हा घराच्या मागे लपलेला असतो. तो दिसतो तेव्हा बहुधा चुकीच्या कारणाने दिसतो. शून्याच्या आसपासची ओलसर सकाळ घ्या. बाहेरच्या युनिटच्या जाळीवर पांढरं बर्फ जमतं, यंत्र काही मिनिटांसाठी उलटं फिरून ते वितळवतं, आणि पंखा पुन्हा सुरू होताच वाफेचा मोठा लोट वर जातो. खाली पाणी सांडतं, वाटेवर गेलं तर गोठतं. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं यंत्र पेटलं. हे रोजचं, अपेक्षित काम आहे, पण शेजाऱ्याने पाहिलेली ती एकच गोष्ट असेल तर ‘त्यांच्याकडचा सारखा बिघडतो’ अशी बातमी गल्लीभर होते. म्हणून पाण्याचा निचरा कुठे जाईल आणि हा लोट कसा दिसतो हे मी घरमालकाला आणि जमल्यास शेजाऱ्यालाही आधीच सांगून ठेवतो.

आवाजाबाबत माझा अनुभव असा की नवी यंत्रं शांत आहेत, तक्रारी जागेच्या निवडीतून येतात. दोन भिंतींच्या कोपऱ्यात किंवा झोपायच्या खिडकीखाली ठेवलं तर चांगलं यंत्रही घुमतं. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका. गेल्या वर्षी काम झालेल्या एखाद्या घरी, तिथल्या लोकांच्या परवानगीने, थंडीच्या दिवसात घेऊन जा. पंख्याजवळ उभं राहू द्या, रेडिएटरला हात लावू द्या. रेडिएटर नुसता कोमट लागतो आणि खोली तरी उबदार आहे, हे हाताला कळल्याशिवाय पटत नाही. बॉयलरची सवय असलेल्या माणसाला कोमट रेडिएटर म्हणजे बिघाड वाटतो, आणि पहिल्या हिवाळ्यातले निम्मे फोन त्याचेच असतात. आपण मध्ये न पडता दोन घरमालकांना बोलू द्या. तिथे बिलाचा खरा आकडा सांगितला जातो, आणि तो तुमच्या तक्त्यापेक्षा थोडा वाईट असला तरी जास्त पटतो.

पर्यावरणाची आवड आणि श्रीमंती यांबद्दल लोक मोठ्या खात्रीने बोलतात. माझं मत: पर्यावरण हे कारण लोक सांगतात सहसा निर्णय झाल्यावर. दोन पर्याय बरोबरीत असतील तेव्हा ते पारडं झुकवतं, एरवी कपाटापुढे हरतं. श्रीमंतीबद्दल अर्थतज्ज्ञ लुकस डेव्हिस यांचा 2023चा अमेरिकेवरचा अभ्यास बघण्यासारखा आहे: सौर पॅनेल आणि इलेक्ट्रिक गाड्या वरच्या उत्पन्नगटात एकवटलेल्या, पण हीट पंपाचं प्रमाण सगळ्या उत्पन्नगटांत जवळपास सारखं. फरक पडत होता हवामानाने आणि विजेच्या दराने. अर्थात तिथे बहुतांश घरांत गरम हवेचे डक्ट आणि उन्हाळ्याचा एसी असतोच, त्यामुळे रेडिएटरच्या घरांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका. माझ्या भागात मला एक खूण बऱ्यापैकी खरी ठरलेली दिसते: ज्याने आधी सौर पॅनेल बसवलेत तो लवकर ‘हो’ म्हणतो. तो एकदा अर्ज, मीटर, ठेकेदार या चक्रातून गेलेला असतो आणि वीज वापरण्याकडे खर्च म्हणून कमी बघतो.

आता तक्ता. तो फेकून देऊ नका, बदला. एका आकड्याऐवजी पट्टा द्या: कडक हिवाळा, सौम्य हिवाळा, गुणक 3, गुणक 3.6. शेजारी त्याच घराची गेल्या दोन हिवाळ्यांची खरी बिलं ठेवा. कुठल्या तापमानाच्या पाण्यावर हिशेब केला ते लिहा, म्हणजे नंतर कोणी थर्मोस्टॅट चढवला तर कारण सापडतं. परतफेडीची वर्षं मी पहिल्या पानावर देत नाही. ज्याला हवी असतात तो विचारतो. पहिल्या पानावर मी कामाचं वेळापत्रक देतो. कुठल्या दिवशी काय होईल, किती दिवस गरम पाणी नसेल, कोणत्या खोलीत माणसं येतील, कुठली फरशी उघडेल, टाकी कुठे आणि त्या सामानाला पर्यायी जागा कोणती. शिवाय पहिल्या हिवाळ्यात आपण किती वेळा येऊन सेटिंग बघणार, आणि फोन कोण उचलणार. धास्तीला उत्तर द्यायला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही.

काही जणांना मी स्वतःच ‘नको’ म्हणतो, आणि तुम्हीही म्हणा. घर दोन वर्षांत विकायचं ठरलेलं असेल, छताचं इन्सुलेशन पुढच्या वर्षी होणार असेल (आधी ते करा, यंत्र लहान लागेल), बारीक पाइप गाडलेले असतील आणि फरशी उघडायची तयारी नसेल, किंवा दराच्या गुणोत्तरात बिल वाढणार हे दिसत असेल. अशा वेळी बॉयलर राखून जोडीला लहान हीट पंप, किंवा बसायच्या खोलीत हवेतून हवेत उष्णता देणारं एक युनिट, हा मधला मार्ग कधी कधी बरा पडतो. आता उष्णता वाहून नेण्यासाठी आत प्रोपेन वायू वापरणारी, 70 अंशांपर्यंत पाणी देणारी यंत्रंही आली आहेत. जुन्या रेडिएटरांची चिंता त्यांनी कमी केली, पण त्या तापमानाला गुणक खाली येतो हे सांगायला विसरू नका. शिवाय प्रोपेन ज्वलनशील असल्याने खिडक्या, दारं, गटाराची तोंडं यांपासून अंतर ठेवावं लागतं, छोट्या अंगणात ते जमत नाही.

सध्या तुमच्याकडे ‘विचार करून सांगतो’वाल्यांची यादी असेलच. ती बॉयलरच्या वयाप्रमाणे लावा. ज्यांचा दहा वर्षांच्या पुढे आहे त्यांना थंडी ओसरली की लगेच फोन करा. उन्हाळ्यात नको, तोवर ते हीटिंग विसरलेले असतात. फोनवर किंमत आणि बचत काढू नका. या हिवाळ्यात बॉयलरने किती वेळा त्रास दिला एवढं विचारा, आणि टाकीची जागा पक्की करायला घरातले दोघं कुठल्या दिवशी भेटतील ते ठरवा.